ग्रंथालयाला कुलूप लावतो कोण?

घराला आग लागली म्हणजे सारी आळी घागरी घेऊन धावते. वाचनालय बंद पडले तर ते आळीला महिन्या-दोन महिन्यांनी कळते, आणि कळल्यावरही "वाईट झाले" एवढे बोलून माणसे आपापल्या उद्योगाला लागतात. आगीत एका कुटुंबाचा संसार जळतो; वाचनालय बंद पडते तेव्हा साऱ्या गावाचे संचित नाहीसे होते. पण या दुसऱ्या आगीला धूर नसतो, ज्वाळा नसतात, म्हणून तिच्यावर पाणी ओतावयास कोणी येत नाही. अंदाजपत्रकाच्या दिवशी सभागृहात एका ओळीवर लाल रेघ ओढली जाते, दोन माना डोलतात, चहा येतो, आणि शंभर वर्षे उघडे असलेले एक दार बंद होते.

हे दार बंद कोण करतो, हा आजचा आमचा प्रश्न आहे. त्याचे उत्तर शोधण्यासाठी आम्ही वाचकांना प्रथम इंग्लंडात नेणार आहोत. नगरपालिकेच्या पैशाने चालणारे, श्रीमंत-गरीब सर्वांना मुक्तद्वार असे सार्वजनिक ग्रंथालय ही संस्था ज्या देशांनी नावारूपाला आणली त्यांत इंग्लंड अग्रेसर होते, आणि गेल्या पंधरा वर्षांत त्याच देशाने आपल्या ग्रंथालयांवर जी कुऱ्हाड चालविली तिला तोड नाही. ही कथा परकी आहे; परंतु तिचा बोध परका नाही, हे सुज्ञ वाचक लेख संपेपर्यंत स्वतःच जाणतील.

दीडशे वर्षांची कमाई

इंग्लंडात ग्रंथालयांचा पहिला कायदा १८५० साली झाला. तो सुखासुखी झाला नाही. करदात्यांवर हा नवा बोजा कशाला, मजुराला पुस्तके हवीत कशाला, असे विचारणारे महाभाग त्या पार्लमेंटातही होते. कर्नल सिब्थॉर्प नावाच्या एका सभासदाने तर आपल्याला स्वतःलाच वाचनाची आवड नाही, असे निलाजरेपणाने भर सभागृहात सांगितले! कायदा झाला तोही असा लंगडा की, करापैकी एक पैसाही पुस्तके विकत घेण्यासाठी खर्च करण्याची मुभा नव्हती. इमारत बांधा, नोकर ठेवा, पुस्तके मात्र कोणी दान देईल म्हणून वाट पाहा! ही अडचण १८५५ साली दूर झाली. तत्पूर्वीच, १८५२ मध्ये, मँचेस्टरच्या गिरणगावाने आपले मोफत ग्रंथालय उघडले होते, आणि त्याचा पहिला ग्रंथपाल एडवर्ड एडवर्ड्‌स हा एका गवंड्याचा मुलगा होता. गवंड्याच्या मुलाने स्वतःच्या हिमतीवर शिकावे आणि मजुरांच्या शहराला ग्रंथ वाटावेत, यात त्या चळवळीचे सारे मर्म सामावलेले आहे.

पुढे अँड्र्यू कार्नेगी आला. स्कॉटलंडमधील एका विणकराचा हा मुलगा अमेरिकेत तारवाला पोऱ्या म्हणून राबला आणि पोलादाचा सम्राट झाला. त्याच्या पैशाने ब्रिटन व आयर्लंडमध्ये साडेसहाशेच्या वर ग्रंथालये उभी राहिली. परंतु या धनाढ्य माणसाची एक अट होती, आणि ती आमच्या नगरसेवकांनी कचेरीच्या भिंतीवर लावून ठेवावी अशी आहे. इमारतीचा पैसा मी देतो. जागा तुम्ही द्या, आणि ग्रंथालय कायम चालविण्यासाठी कर बसविण्याचे वचन तुमच्या नगरपालिकेने द्यावे. दान एकदाच मिळते, कर्तव्य मात्र दरसालचे असते, हे त्या व्यापाऱ्याला पक्के ठाऊक होते. अखेर १९६४ च्या कायद्याने इंग्लंड व वेल्समधील स्थानिक संस्थांवर सर्वांना पुरेशी व कार्यक्षम ग्रंथालयसेवा देण्याचे बंधनच घातले आणि त्यावर देखरेख ठेवण्याची जबाबदारी मंत्र्यावर टाकली. म्हणजे ग्रंथालय ही तेथे मेहेरबानी राहिली नाही, तो नागरिकाचा हक्क झाला.

कुऱ्हाड कशी चालली

असा हक्क असूनही काय झाले? २०१० नंतर मध्यवर्ती सरकारने काटकसरीचा धोशा लावला आणि स्थानिक संस्थांची अनुदाने वर्षामागून वर्षे छाटली. स्थानिक संस्थांनी ती कात्री पुढे सरकविली, आणि ती प्रथम पडली कोठे? जेथे ओरड कमी होईल तेथे. हिशेबनिसांच्या एका मान्यवर संस्थेच्या गणनेप्रमाणे २०१० ते २०१९ या काळात ब्रिटनमध्ये सुमारे पावणेआठशे सार्वजनिक ग्रंथालये बंद पडली. जी उरली त्यांपैकी कित्येकांचे तास घटले आणि पगारी ग्रंथपाल गेले.

"पैसा नाही", हे पहिले उत्तर. ते सर्वस्वी खोटे आहे असे आम्ही म्हणणार नाही. वृद्धांची शुश्रूषा, अनाथ मुलांचा सांभाळ ही कामेही त्याच संस्थांच्या गळ्यात आहेत, आणि अनुदान आटल्यावर त्यांची ओढाताण झाली हे खरे आहे. परंतु पैसा नाही म्हणणाऱ्याची वहीही पाहावी लागते. नॉर्थँप्टनशर परगण्याच्या कौन्सिलाने २०१८ च्या फेब्रुवारीत दिवाळखोरीचा जाहीरनामा काढला आणि ३६ पैकी २१ ग्रंथालयांचा खर्च आपल्याच्याने झेपत नाही असे सांगितले. हे सांगणाऱ्यांचे बूड टेकले होते कोठे? ५ कोटी ३० लाख पौंड खर्चून बांधलेल्या व अवघ्या चार महिन्यांपूर्वी उद्घाटन झालेल्या नव्या कोऱ्या कचेरीत! साहेबांच्या खुर्चीखाली गालिचा हवा, आणि खेड्यातल्या पोराच्या हातातले चित्रांचे पुस्तक मात्र चैनीची वस्तू! नागरिक न्यायालयात गेले. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये उच्च न्यायालयाने तो निर्णय बेकायदेशीर ठरवून रद्द केला. पुढे २०२१ साली ते कौन्सिलच विसर्जित झाले. कित्येक ग्रंथालये शेवटी स्वयंसेवकांच्या अंगावर टाकली गेली ती गेलीच. तथापि एका सहीने एकवीस दारे बंद करण्याचा बेत मात्र उधळला गेला.

"हल्ली वाचतो कोण? सगळे हातातल्या यंत्रात मिळते", हे दुसरे उत्तर. हे उत्तर देणाऱ्यांची युक्ती पाहण्याजोगी आहे. आधी नवी पुस्तके घेणे बंद करावयाचे, मग सायंकाळचे तास कापावयाचे, म्हणजे कामकरी माणसाला येताच येणार नाही, मग ग्रंथपाल काढून कपाटांना धूळ खाऊ द्यावयाची, आणि अखेरीस हजेरीबुक पुढे करून म्हणावयाचे, "पाहा, कोणी फिरकत नाही!" बैलाचा चारा तोडावा आणि तो नांगर ओढीत नाही म्हणून त्याला खाटकाच्या हाती द्यावा, तशातला हा प्रकार. आणि यंत्रात सारे मिळते म्हणता, तर ज्याच्या घरी ते यंत्र नाही, किंवा असूनही ज्याला ते हाताळता येत नाही, त्याने कोठे जावे? सरकारी अर्ज, नोकरीच्या जाहिराती, पेन्शनची कागदपत्रे ही सारी आता त्याच यंत्रात गेली आहेत. इंग्लंडातील बेकार माणूस तो अर्ज भरावयास ग्रंथालयातच जातो. म्हणजे एका खात्याने खिडकी बंद करून माणसाला ग्रंथालयाकडे पाठवावे, आणि दुसऱ्या खात्याने त्याच ग्रंथालयाला टाळे ठोकावे!

"स्वयंसेवकांनी चालवावे", हे तिसरे उत्तर, आणि तिन्हींत हेच अधिक फसवे. कारण ते गोड आहे. आम्हा मराठी माणसांना हे उत्तर विशेष काळजीपूर्वक तपासले पाहिजे, कारण आमची वाचनालये निःस्वार्थ माणसांच्या घामावरच उभी राहिली. बेळगावचे सार्वजनिक वाचनालय १८४८ सालचे. पुण्याचे नगर वाचन मंदिरही त्याच सालचे. कोल्हापूरचे करवीर नगर वाचन मंदिर १८५० चे. वर्गणी गोळा करणारे, स्वतःच्या हाताने पुस्तकांना कव्हरे घालणारे, फुकट चिटणिशी करणारे ते लोक आमच्या वंदनास पात्र आहेत. परंतु म्हणूनच आम्हांस हेही ठाऊक आहे की, अशा संस्था एका माणसाच्या दमावर चालतात आणि तो माणूस गेला की त्या धापा टाकू लागतात. श्रीमंत पेठेत स्वयंसेवक मिळतात. जेथे दोन्ही वेळच्या भाकरीसाठी दोघेही राबतात त्या वस्तीत ते कोठून आणावयाचे? म्हणजे पुस्तकांची गरज जेथे अधिक तेथेच ग्रंथालय आधी मरणार. पाणीपुरवठा स्वयंसेवकांकडे द्या, रस्त्यावरचे दिवे स्वयंसेवकांनी लावावेत, असे कोणी म्हणत नाही. मग पुस्तकांच्याच वाट्याला हा भिक्षापात्राचा धर्म का?

लोक कसे लढले

आता या कथेची दुसरी बाजू. इंग्लंडची जनता हे सारे निमूटपणे पाहत बसली नाही, आणि तिच्या लढ्यांतून शिकण्यासारखे पुष्कळ आहे.

मिल्टन कीन्सजवळ स्टोनी स्ट्रॅटफर्ड नावाचे एक लहानसे गाव आहे. तेथील ग्रंथालय बंद करण्याचा बेत २०११ च्या जानेवारीत पुढे आला. गावकऱ्यांनी दगड उचलला नाही की काच फोडली नाही. प्रत्येक सभासदास एका वेळी पंधरा पुस्तके नेता येत, असा नियम होता. त्यांनी त्या नियमाचा पुरेपूर उपयोग करावयाचे ठरविले. म्हातारे आले, शाळकरी पोरे आली, कडेवर मुले घेऊन आया आल्या, आणि आठवड्याच्या आत सुमारे सोळा हजार पुस्तके घरोघर जाऊन कपाटे रिकामी झाली. ग्रंथालय बंद झाले म्हणजे कसे दिसेल, ते अधिकाऱ्यांना त्यांनी डोळ्यांनी दाखविले. वाचकांनी आपण वाचक आहोत हे सिद्ध केले. याहून मोठा मोर्चा आम्हांस ठाऊक नाही. ते ग्रंथालय वाचले.

लंडनमधील केन्सल राइजचे ग्रंथालय १९०० साली मार्क ट्वेनच्या हस्ते उघडले होते. ब्रेंट विभागाच्या कौन्सिलाने २०११ साली आपल्या बारापैकी सहा ग्रंथालयांना टाळे लावले, त्यांत हेही आले. रहिवासी न्यायालयात गेले व हरले. अपील केले, तेही फेटाळले गेले. तरी त्यांनी दारापुढे पहारा ठेवला आणि रस्त्याच्या कडेलाच पुस्तके मांडून देवघेव चालू केली. अखेर २०१२ च्या मे महिन्यात, पहाटेच्या अंधारात, पोलिसांच्या बंदोबस्तात आतील पुस्तके हलविण्यात आली. पुस्तके नेण्यासाठी पोलीस आणि अंधार! ज्या कृत्याला सूर्यप्रकाश सोसत नाही त्याचे समर्थन करणे ते करणाऱ्यालाही अवघड जात असले पाहिजे. त्या इमारतीत आज वर सदनिका आहेत, आणि तळमजल्याच्या काही भागात लोकांनी २०१९ साली आपले ग्रंथालय पुन्हा उघडले. विजय अपुरा, पण सात-आठ वर्षे नेट सोडला नाही म्हणून तेवढा तरी मिळाला.

उत्तर लंडनमध्ये फ्रायर्न बार्नेटचे ग्रंथालय २०१२ च्या एप्रिलात बंद झाले. सप्टेंबरात काही तरुणांनी त्या ओस वास्तूचा ताबा घेतला, रहिवाशांनी हजारो पुस्तके आणून दिली, आणि पुढल्या फेब्रुवारीत वास्तू रीतसर लोकांच्या हाती आली. दक्षिण लंडनमधील हर्न हिलच्या कार्नेगी ग्रंथालयात तर २०१६ साली, बंद होण्याच्या दिवशी, माणसे आत शिरली ती बाहेरच पडेनात. दहा दिवस मुलाबाळांसह तेथे राहिली. कौन्सिलाला तेथे काय करावयाचे होते? व्यायामशाळा! आम्ही तालमीचे वैरी नाही; आमच्या गावोगावी तालमी आहेत आणि त्यांचा आम्हांस अभिमान आहे. पण शरीराची तालीम काढण्यासाठी बुद्धीची तालीम मोडावी, हा शहाणपणा आम्हांस अवगत नव्हता.

कायद्याच्या वाटेनेही यश आले. लिव्हरपूलसमोरच्या विरल भागात २४ पैकी ११ ग्रंथालये बंद करण्याचा घाट २००९ साली घातला गेला, तेव्हा मंत्र्याने १९६४ च्या कायद्याखाली चौकशी नेमली. अहवाल प्रसिद्ध होण्यापूर्वीच कौन्सिलाने बेत मागे घेतला, आणि अहवालाने कायद्याचा भंग झाल्याचाच निष्कर्ष काढला. ग्लॉस्टरशर व सॉमरसेट या परगण्यांच्या निर्णयांवर २०११ च्या नोव्हेंबरात न्यायालयाने पाणी सोडले. कारण वृद्ध, अपंग, दुर्बळ अशा लोकांवर काय परिणाम होईल याचा विचार कायद्याने सांगितल्याप्रमाणे केलाच नव्हता. त्याच वर्षी ब्रेंटचे रहिवासी मात्र हरले, हे वर आलेच आहे. यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. कायदा हे हत्यार खरे, पण ते आपोआप चालत नाही. आणि केवळ त्याच्यावर विसंबून घरी बसणाऱ्याचे काही वाचत नाही.

क्रॉयडन आणि बडोदे

आता या कथेचा एक धागा आपल्या देशात कसा येतो ते पाहा. १९२४ साली मद्रास विद्यापीठाने गणिताच्या एका तरुण प्राध्यापकाला ग्रंथपाल नेमून शिक्षणासाठी लंडनला धाडले. त्याचे नाव शियाळी रामामृत रंगनाथन. तेथे त्यांना गुरू भेटले ते बर्विक सेयर्स, लंडनलगतच्या क्रॉयडन गावाचे मुख्य ग्रंथपाल. क्रॉयडनच्या ग्रंथालयांचे काम रंगनाथनांनी डोळ्यांनी पाहिले. मुलांसाठी, कामकऱ्यांसाठी, साऱ्या गावासाठी ग्रंथालय काय करू शकते याचे दर्शन त्यांना विलायतेत घडले. परत येऊन त्यांनी आयुष्य या एका कार्याला वाहिले. १९३१ साली त्यांची ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे प्रसिद्ध झाली, आणि स्वातंत्र्यानंतर १९४८ साली मद्रासचा ग्रंथालय कायदा झाला त्यामागे त्यांचेच परिश्रम होते. त्याच लंडनच्या सेंट पँक्रस विभागात १९३४ पासून १९४७ पर्यंत नगरसेवक असलेले कृष्ण मेनन, पुढे मुंबईतून लोकसभेवर दोनदा निवडून गेलेले, तेथील ग्रंथालयांसाठी झटले. एका भारतीयाने इंग्रजांच्या पोरांसाठी पुस्तकांची कपाटे मागावीत, ही गोष्ट आम्हांस कोणत्याही राजकीय पदाहून मोठी वाटते.

त्या क्रॉयडनचे आज काय झाले? कौन्सिलाने २०२० च्या नोव्हेंबरात दिवाळखोरी जाहीर केली, आणि २०२४ साली चार ग्रंथालये बंद केली. ज्या विहिरीतून आपल्या देशाने पाणी आणले तीच बुजविली जात आहे. रंगनाथनांचे शेवटचे सूत्र ग्रंथालयाला वाढती, सजीव वस्तू मानते. त्यांच्या गुरूच्या गावी हा सजीव वृक्ष नगरपित्यांनी वाढीऐवजी वखारीला घातला.

आणि आमच्या मराठी राज्यकर्त्यांनीही या बाबतीत जगाला धडा घालून दिला होता, हे आम्ही विसरून चाललो आहोत. बडोद्याचे श्रीमंत सयाजीराव महाराज गायकवाड यांनी १९१० साली अमेरिकेहून बोर्डन नावाचे ग्रंथालयतज्ज्ञ बोलावून आणले. शहरात मध्यवर्ती ग्रंथालय, तालुक्याला ग्रंथालय, खेड्याला ग्रंथालय, आणि जेथे तेही नाही तेथे पुस्तकांच्या फिरत्या पेट्या, अशी व्यवस्था त्यांनी बसविली. १९१२ पासून बडोद्यातून ग्रंथालय-विषयक एक त्रैमासिक निघू लागले, त्यात इंग्रजी व गुजराथीबरोबर मराठीलाही स्थान होते. खेड्यातील ग्रंथालयाच्या खर्चाची वाटणी तर मनन करण्यासारखी आहे: एक तृतीयांश गावकऱ्यांचा, एक तृतीयांश पंचायतीचा, एक तृतीयांश सरकारचा. कोणी एकाने हात आखडला तर तिघांचेही काम अडावे, आणि म्हणून तिघांनीही एकमेकांवर नजर ठेवावी! एका संस्थानिकाला जे सुचले ते लोकशाहीतील नगरसेवकांना का सुचू नये? कोल्हापूर संस्थानानेही १९४५ साली, म्हणजे स्वातंत्र्यापूर्वीच, ग्रंथालयाचा कायदा केला होता.

आमचा पैसा कोठे जातो?

येथवर वाचून कोणी म्हणेल, "आमच्या गावात कोणी ग्रंथालय बंद केलेले नाही, मग ही पीडा आम्हांस कशाला?" वाचकहो, इंग्लंडात निदान ठराव तरी होतो. आपल्याकडे ठरावाचीही गरज पडत नाही.

बेळगाव, निपाणी, खानापूर येथील घरमालकांनी आपल्या घरपट्टीचे चलन काढून पाहावे. आरोग्य कर, भिक्षाप्रतिबंधक कर यांच्या शेजारी ग्रंथालय कराचा आकडा दिसेल. कर्नाटकाच्या १९६५ च्या कायद्याने तो बसविला आहे आणि आज त्याचा दर मालमत्ता कराच्या शेकडा ६ आहे. हैदराबादेतील आमच्या बांधवांना तोच कर शेकडा ८ या दराने द्यावा लागतो. महाराष्ट्राच्या १९६७ च्या कायद्यात असा कर नाही; तेथील वाचनालये सरकारी अनुदानाच्या हप्त्याकडे डोळे लावून बसतात. परंतु जेथे कर आहे तेथे तो ग्रंथालयासाठी म्हणून स्वतंत्र घेतलेला पैसा आहे. स्थानिक संस्था तो केवळ गोळा करणारी मुनीम. तो ग्रंथालय प्राधिकरणाच्या स्वाधीन करणे तिला कायद्याने भाग आहे. आणि प्रत्यक्षात? बंगळूरसारख्या राजधानीच्या महानगरपालिकेकडे या कराची शेकडो कोटींची बाकी थकल्याचा बोभाटा वर्षानुवर्षे झाला. हैदराबादच्या महानगरपालिकेबद्दलही तीच तक्रार वारंवार झाली. राजधान्यांची ही तऱ्हा, मग लहान गावांचा हिशेब कोणी मागितला आहे काय?

कर घ्यावयाचा पुस्तकाच्या नावाने आणि अडकवून ठेवावयाचा दुसऱ्याच तिजोरीत, याला सामान्य माणसाच्या व्यवहारात एक नाव आहे. सभ्यतेसाठी आम्ही ते लिहीत नाही. इंग्लंडात कपात उघड होते, आपल्याकडे ती मुकाट्याने होते, एवढाच फरक. तेथे कुलूप लावले जाते. येथे दार उघडे राहते, आत मात्र जुनी पुस्तके, मोडकी बाके, विझलेला दिवा आणि महिनोन्‌महिने पगाराची वाट पाहणारा एक कारकून राहतो.

परंतु सारा दोष नगरसेवकांच्या माथी मारून मोकळे होणे आमच्या सद्सद्विवेकबुद्धीला पटत नाही. आरशातही पाहावयास हवे. आमच्या गावांनी भाषेसाठी मोर्चे काढले, लाठ्या खाल्ल्या, तुरुंग भोगले. त्या त्यागाला आमचा दंडवत आहे. पण त्याच गावांत वाचनालयाच्या वार्षिक सभेला गणपूर्ती होत नाही, ही लाजिरवाणी गोष्ट आम्ही कोणापासून लपवावी? रस्त्यावर भाषेचा जयजयकार करणारा तरुण त्या भाषेतले शेवटचे पुस्तक केव्हा वाचले म्हणून विचारले तर खाली पाहतो. जी भाषा घोषणेत आहे पण कपाटात नाही, तिला पुढच्या पिढीपर्यंत कोण पोहोचविणार? वाचनालयात आज जी मुले दिसतात ती बहुधा स्पर्धा-परीक्षेच्या अभ्यासाला येतात. येऊ द्यात, घरी शांत कोपरा नसलेल्या मुलाला बसावयास बाक आणि डोक्यावर दिवा मिळतो, हेही पुण्यकर्मच आहे. मात्र त्या बाकामागचे कपाट उघडण्याची ओढ त्याला लावणे हे आमचे, वडीलधाऱ्यांचे काम होते. ते आम्ही केले नाही.

म्हणून आता नुसता शोक पुरे. आमच्या वाचकांनी या महिन्यात चार कामे करावीत, अशी आमची निक्षून सांगणी आहे.

पहिले, आपल्या घरपट्टीच्या चलनावरील ग्रंथालय कराचा आकडा कागदावर लिहून ठेवावा. दुसरे, माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्याखाली आपल्या नगरपालिकेला लेखी विचारावे: गेल्या पाच वर्षांत हा कर किती जमला, किती ग्रंथालय प्राधिकरणाला पोहोचला, आणि बाकी किती? तीस दिवसांत उत्तर देणे कायद्याने बंधनकारक आहे. हे उत्तर चार-चौघांनी मिळून आपल्या वॉर्डाच्या नगरसेवकापुढे ठेवावे, आणि अंदाजपत्रकाच्या सभेपूर्वी ठेवावे. सभा झाल्यावर गेलेला माणूस वरातीमागून आलेल्या घोड्यासारखा असतो. तिसरे, सरकारी ग्रंथालयात मराठी पुस्तकांची मागणी नावानिशी, सहीनिशी, लेखी नोंदवावी; मागणी नोंदली नाही म्हणजे मागणीच नाही, असे सरकारी दप्तर समजते. आणि चौथे, सर्वांत सोपे व म्हणूनच सर्वांत अवघड: वाचनालयाचे सभासद व्हावे आणि स्वतः जाऊन पुस्तक घरी आणावे. स्टोनी स्ट्रॅटफर्डच्या म्हाताऱ्या-कोताऱ्यांनी जे पिशव्या भरभरून केले, ते आमच्या धडधाकट माणसांना एकेका पुस्तकाने तरी करता यावे.

नगरसेवक महाशयांनाही दोन शब्द. गटार बांधले तर तुमचे नाव कोनशिलेवर लागते. पुस्तक विकत घेतले तर लागत नाही, हे आम्ही समजतो. पण ग्रंथालयाचा पैसा हा तुमचा नव्हे. तो ज्या नावाने घेतला त्या नावाने पोहोचवा, एवढीच आमची मागणी आहे. ती भीक नाही, ती वसुली आहे. आणि वसुलीला आलेला माणूस दारातून रिकामा परत जात नसतो.

ग्रंथालयाला कुलूप लावतो कोण, असे आम्ही आरंभी विचारले. कुलूप नगरपालिका लावते, हे खरे. पण ज्या दाराने रोज शंभर माणसे आत-बाहेर करतात त्या दाराला कुलूप लावण्याची छाती कोणत्याही नगरपालिकेला होत नाही. ज्या दाराशी कोणी उभे नसते, त्याच्या कडीला हात घालावयास धैर्य लागत नाही. आज सायंकाळी आपल्या गावातील वाचनालयाच्या दाराशी किती माणसे उभी राहतात, ते पाहावे. त्या संख्येतच आमच्या प्रश्नाचे उत्तर आहे.